पाळ्या गावातच राहिल्या

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा सायकलवरून गावोगाव तलावाच्या चळवळीची ती पत्रकं वाटत, आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. 'तलाव गावाचा, पाणी गावाचं' हे मी वाचलेलं पहिलं वाक्य. म्हणून उन्हाळी धानाच्या पाण्याच्या पाळ्या मोबाइलवर पाहायचं ठरलं, तेव्हा मी हट्टच धरला की ही माहितीही गावातच राहील.

दिघोरीकडच्या आमच्या गावात पाणी संस्थेच्या खोलीत तीन जुने संगणक आहेत. वरठीच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने ते जोडून त्यांचं क्लस्टर केलं. एक बंद पडला तरी बाकीचे दोन काम उचलतात. पाळ्यांचा प्रोग्राम त्यांच्यावर कंटेनरमध्ये चालतो. कंटेनर म्हणजे प्रोग्रामला लागणारं सगळं सामान भरलेला बंद डबा, कोणत्याही संगणकावर नेऊन चालवा.

यंदा त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घालणं भाग होतं. जुनीतली सुरक्षेची भोकं आता कोणी बुजवणार नव्हतं. नेमका तेव्हाच, गावाच्या पाळ्या आपल्या संगणकांवर ठेवायला मागणाऱ्या एका कंपनीचा माणूस गुळगुळीत पत्रक घेऊन संस्थेच्या अध्यक्षांकडे आला. सारं गाव त्यांना काका म्हणतं.

"तो फुकट सांभाळतो म्हणते, तं तुले काहून नको?" काकांनी मला विचारलं.

"आज फुकट, काका. उद्या आपलीच पाळी पाहाले त्याच्या दारात उभं राहा लागन."

"हे तुह्या बापावानी बोलली. पन आयक, एक पाळी जरी हरवली, तं मी त्याले हो म्हनतो."

मावसभाऊ सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलने आला. दुपारी, गाव जेवायला बसलेलं असताना, आम्ही काम सुरू केलं. मी कंपन्यांवर काहीतरी बोलायला लागले, तर तो म्हणाला, "ताई, भाषण नंतर. आधी बॅकअप." बॅकअप झाला आणि तो नव्या आवृत्तीकडे वळला.

"थांब," मी म्हणाले. "बियानं भिजवून पाह्यलं काय?"

आमच्याकडे घरचं बियाणं थेट पेरत नाहीत. मूठभर धान ओल्या पोत्यात बांधायचं, मोड येतात का ते पाहायचं, मगच पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी पेरायचं.

"आता कंप्युटरलेही पोत्यात बांधतं काय?" तो हसला, पण त्याने बॅकअप वेगळ्या जागी उघडून पाहिला. सगळ्या पाळ्या होत्या. मी सहज एक आवाजी निरोप दाबला. काहीच ऐकू आलं नाही. दुसरा दाबला, तोही मुका.

त्याचं हसू गेलं. आमच्या गावात पाळीची अदलाबदल कोणी टाइप करत नाही, तोंडाने सांगतात आणि तो शब्द चालतो. ते आवाज वेगळ्या फोल्डरमध्ये होते, आणि आमचा बॅकअप तिकडे फिरकलाच नव्हता. गावाचा शब्दच आम्ही बाहेर ठेवला होता! तेही फोल्डर बॅकअपमध्ये घेतलं, पुन्हा उघडून पाहिलं. या खेपेला निरोप बोलले.

मग नवी आवृत्ती सोडली. नवा कंटेनर उभा राहिला, पडला. परत उभा राहिला, परत पडला. तेवढ्यात काका दारात.

"बुडवलं काय वो?"

"नाही," मी म्हणाले. "जुना चालूच आहे. नवा तयार झाल्याशिवाय जुना जागा सोडत नाही."

मावसभाऊ त्रुटीचा संदेश वाचत होता. नव्या आवृत्तीत एका सेटिंगचं नाव बदललं होतं. त्याने फाइलमध्ये ते दुरुस्त केलं. नवा उभा राहिला आणि उभाच राहिला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. जुने एकेक करून निघाले.

काकांनी आपला मोबाइल काढला, आजची पाळी उघडली, निरोप दाबला. शेजारच्या शेतकऱ्याचा आवाज खोलीभर घुमला: "काका, माही पाळी तुमीच घ्या. मी बपेऱ्याले जाऊन राहिलो."

"अरे, हा तं बोलून राहिला!" काका म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. "साहेब, नको. आमचं आमच्या घरी चालून राहिलं."

मला इतका आनंद झाला की टेबलावर हात आपटला.

"आता पत्रक काढशीन," काका म्हणाले. "लहान काढजो. तुहं मागचं पत्रक वाचता वाचता माही पाळी निंगून गेली होती."

कंपनीच्या त्या गुळगुळीत पत्रकाची पाठ कोरीच होती. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी आपलं, पाळी आपली, यंत्रही आपलं,' आणि संस्थेच्या दारावर चिकटवलं.