पिवळा दिवा आन् चाळीसची चाल

नवी सून घरात आली की वरीसभर बोलाय पुरतं. आमच्यात सून न्हाई, पिकअप आली. आन् तिनं एका हंगामात इतकं दिलंय की आमच्या बचतगटाच्या बैठकीत कामाचं बाजूलाच ऱ्हातं. बाया म्हणत्यात, "आक्का, आधी गाडीचं सांग." मग सांगावंच लागतं.

* * *

गाडी पोराची, संजाची. वाईच्या वरल्या अंगाला आमची स्ट्रॉबेरी हाय. आमची आन् गावातल्या बाकीच्यांची, सगळी मिळून दर सोमवारी सांगलीला अण्णांच्या आडतीवर न्यायची, म्हणून घेतली. पर स्टेरिंग आमच्या हवालदारांच्या हातात. हवालदार म्हंजी आमचं मालक. फौजेत सतरा वरसं ट्रक चालवला. तिथं म्हणं कॉन्व्हायमधी, म्हंजी गाड्यांच्या रांगेत, चाळीसच्या वर जायचं न्हाई. रिटायर हून जमाना झाला, कॉन्व्हाय गेला, शत्रू गेला, चाळीस काय जात न्हाई.

एकदा हायवेला मी शेजारी बसलेवते. ऊसाचा ट्रॅक्टर, मागं दोन भरल्याल्या ट्रॉल्या, आमाला मागं टाकून पुढं गेला. जाता जाता त्यो ड्रायव्हर वाकून म्हणाला, "आबा, ढकलाय माणसं पायजेत का?"

हवालदार मला म्हणालं, "बघ, लोकांत शिस्तच ऱ्हायली न्हाई."

* * *

मग एक दिस समोर पिवळा दिवा लागला. संजानं गाडीचं पुस्तक काढून वाचलं. नव्या डिझेल गाडीला धूर जायच्या नळीत एक जाळी असती म्हणं. काजळी तिथंच धरून ठेवती. गाडी जोरात पळली की जाळी तापती, काजळी जळून जाती. हळू चालवली की साचतच बसती.

"म्हंजी आबा, पळवायची," संजा म्हणाला.

"नवी गाडी पळवून तिची वाट लावू का?" विषय संपला.

संपला कुठला? चार दिस जेवताना दिवा, चहा पिताना दिवा. मला वीट आला. मी कपाळाची मोठी मखमली टिकली काढली आन् दिव्यावर दाबून बसवली.

सकाळी हवालदार गाडीत बसलं, बघितलं, आन् टपरीवर जाऊन सांगितलं, "दिवा गेला. गाडीला बी हात वळखाय येतो." पुढच्या सोमवारपतोर मिरवलं.

* * *

त्या सोमवारी मात्र माझी खोडी माझ्याच अंगावर आली. स्ट्रॉबेरी भरून सांगलीला निघालो, मी बी संगट. कराडच्या पुढं गाडीनं दमच सोडला. किती बी पाय दाबा, जोर धरीना. पोचलो तवा लिलाव उरकल्याला. खालच्या क्रेटातनं तांबडा रस गळत हुता.

अण्णा शांत माणूस. जैन हायत, आवाज कवा चढवत न्हाईत. त्याचंच जास्त लागतं. म्हणालं, "हवालदार, फळ काय कुणाची वाट बघत न्हाई. येत्या सोमवारी लिलावाच्या आत या. न्हाईतर जतचा एक गाडीवाला कवाधरनं विचारतोय. तुमच्या गावाचा माल मग त्योच आणंल."

येताना मी गपगुमान टिकली काढली. खाली दिवा तसाच जळत हुता. हवालदारांनी टिकलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कराडात एवढंच म्हणालं, "कपाळ रिकामं दिसतंय, लाव."

* * *

आता गाडी दाखवायची कुठं? गावात ज्येला सायकल येत न्हाई, त्यो बी पत्ता सांगाय लागला. हवालदारांनी फाट्यावरच्या बाळू मिस्तरीकडं नेली, संजा आन् मी बी संगट. बाळू खाली वाकला, वर आला.

"काकू, जाळीच कापून टाकतो. सरळ पाईप बसवतो. दिवा न्हाई, काजळी न्हाई, डोक्याला ताप न्हाई."

संजा म्हणाला, "गॅरंटी जाईल. आन् जाळीबिगर गाडी पासिंगला अडकंल."

"कोण वाकून बघतंय?" बाळू म्हणाला.

हवालदार इचारात पडलं. चाळीस सोडायचं नसलं की माणूस जाळी सोडाय तयार हुतो.

मी म्हणाले, "बाळू, उद्या जेवाय ये. मी बी पीठ चाळायचं सोडते. सोंडकिड्यासकट भाकरी घालते तुला, कोण वाकून बघतंय?"

बाळू हसला, पर हातातला पाना खाली ठेवला.

* * *

मग साताऱ्याला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. तिथं एसी, सोफा, कॉफीचं मशीन. गाडीपाशी मातुर जाऊ देत न्हाईत, काचेतनं बघायचं. हवालदार काचेला नाक लावून उभं, बायकू बाळंतपणाला आत नेल्यागत.

एक पोरगी टॅब घेऊन आली. "सर, तुमचं ड्रायव्हिंग कसं असतं?"

"फौजी," हवालदार म्हणालं.

पोरीनं टॅबमधी शोधलं. त्यात ते नव्हतं.

मग म्हणाली, "सर, मशीनवर क्लीनिंगचा नंबर आता पुढच्या बुधवारचा आहे. पण दिवा अजून पिवळाच आहे, लाल झाला नाही. हायवेवर सत्तरनं, न थांबता, वीस-पंचवीस मिनिटं चालवा. आपोआप जळून जाईल."

नंबर बुधवारचा, आन् अण्णांचा सोमवार.

बाहेर आल्यावर हवालदार म्हणालं, "एवढी काच, एवढा सोफा, आन् औषध काय, तर पळवा." परत येताना गाडी पस्तीसनं आणली. रागानं.

* * *

रविवार उजाडला. गावातल्या बाया दुसऱ्या दिवशीचा माल तोडाय शिवारात गेल्यावत्या. संजा बापाला हात जोडून म्हणाला, "आबा, एकदा मला न्हेऊ द्या. उद्या परत अडकलो तर गावाला काय तोंड दावू?"

"किल्ली माझ्यापाशीच ऱ्हाईल," हवालदार म्हणालं, आन् जेवून पडवीत बसलं.

मी भांडी घासत हुते. हात धुतले. पडवीत आले, छातीवर हात ठेवला आन् भिताडाला टेकून खाली बसले.

"आवं. कळ येतीया. डाव्या अंगाला."

माणूस चप्पल घालायची विसरलं. मला धरून गाडीत बसवलं. पाचवडला हायवेला लागलो, गाडी रिकामी, आन् काटा साठ, सत्तर, ऐंशी. हॉर्नवरचा हात निघंना. "बोलत ऱ्हा," मला म्हणत हुतं, "डोळं मिटू नगंस. साताऱ्यात मोठा डागदर हाय."

मी कण्हत हुते आन् एका डोळ्यानं दिव्याकडं बघत हुते. लिंब गेलं, तरी जळतोयच. आता मला खरंच धडधडाय लागलं. वाढे फाटा दिसाय लागला, आन् दिवा विझला.

मी सरळ बसले. पदर नीट केला.

"आवं, वळवा आता. विझला."

त्येनी दिव्याकडं बघितलं. काट्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. गाडी कडंला घेतली, आन् पायात चप्पल न्हाई हे तवा ध्यानात आलं.

सोमवारी लिलावाच्या आत माल अण्णांच्या आडतीवर उतरला. माझ्याशी बोलणं मातुर बंद. पाणी बी संजाच्या हातनं मागायचं.

पंधरा दिस गेलं. दिवा परत लागला. मी भाकरी थापत हुते. हवालदार सयपाकघराच्या दारात येऊन उभं ऱ्हायलं. पायात बूट, हातात किल्ली. घसा खाकरला.

"काय गं," म्हणालं, "छातीत काय दुखतंय का?"