तीनदा निघालेली चिठ्ठी

परवा साडूंच्या फाटकात मेहुणी गाडीला उदबत्ती ओवाळत होती, तेव्हा पेट्रोलच्या वासात तो धूर मिसळला आणि मला त्यांच्या इंदिरानगरच्या घरातली दहा वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. साडूंना स्पोर्ट्स कार घ्यायची होती, पण साधी की जास्त ताकदीची, हे ठरेना. जन्मभर स्कूटर चालवलेल्या मला सल्ल्याला बोलावलं, यावरून काय ते समजा. मी दोन्ही फोटो चष्मा पुसून पाहिले आणि "रंग छान आहे" म्हणालो. शेवटी मेहुणीने देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीने एक उचलली. साधी. "नीट हलवल्या नाहीत," साडू म्हणाले. पुन्हा साधीच. तिसऱ्यांदाही तीच निघाली, तेव्हा माझ्या हातातला प्रसादाचा पेढा तोंडापर्यंत जाईना. "साडूभाऊ, देवाला गाडीतलं काय कळतंय," असं मला म्हणत साडूंनी ताकदीची गाडी बुक केली. मेहुणी जोडलेले हात सोडायला तयार नव्हती. इतक्या वर्षांत त्या गाडीला ओरखडाही आला नाही, म्हणून आम्ही सगळं विसरत चाललो होतो. परवा मात्र स्टिअरिंगवर नवं लायसन्स मिळालेली तीच लेक होती. इंजिन गुरगुरलं, तसे साडू काचेशी वाकले. "बाळा, कसारा घाटात हळू चालव." ती हसली. "पप्पा, चिठ्ठी काढू का पुन्हा?" म्हणाली आणि गेली. आवाज विरला तरी साडू तसेच वाकलेले होते, आणि एकदा सल्लागार म्हणून बोलावलेला मी याही वेळी नुसता चष्मा पुसत होतो.