वहिनीची घरातली सँडल

आमच्या यशोदावहिनीचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड, जन्मापासूनच. लग्नात ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, पुढे आलं तरी कोणी बोललं नाही. तिच्या साड्यांची कड मात्र डाव्या बाजूला जमिनीवर घासून विरायची. माझा थोरला भाऊ भिकाजी सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा. पहाटे त्याचा डबा, मग आईचं, मुलांचं आणि माझ्यासारख्या बिनलग्नाच्या दिराचं. वहिनीचा सगळा दिवस ओट्यापुढे उभ्याने जायचा.

चाळिशी उलटली आणि तिची कंबर धरली. भाकरी थापता थापता ती ओट्यावर कोपर टेकून थांबायची. भिकाजी म्हणाला, स्वयंपाकाला बाई ठेवूया. त्यावर वहिनी अशी रडली की जणू तिला कायमचं माहेरी धाडत होते. "रांधप सुटला तर ह्या घरात मी कोण, भावजी?" असं तिने मला तोंडावर विचारलं.

मग मी तिला स्कूटरवर बसवून म्हापशाच्या हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिला अनवाणी उभं केलं आणि कंबर दोन्हीकडून सारखी होईपर्यंत डाव्या पायाखाली पातळ फळ्या सरकवल्या. पट्टे-बूट करणाऱ्या माणसाने कागदावर तिचं पाऊल गिरवून घेतलं आणि डाव्या सँडलमध्ये बसणारा जाड तळ करून दिला. "उठल्यापासून निजेपर्यंत घाला," डॉक्टरांनी बजावलं. वहिनी शुक्रवारच्या बाजारातून सरळ चालत गेली. मी मागून बघत होतो. मला फार बरं वाटलं.

घरी मात्र आमची आई होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असे तिखट, की उंबऱ्याच्या आत चपलेचा आवाज झाला की आतून ओरड आलीच: "कोण गो तो व्हाणो घालून घरांत?" एकदा मामलेदार आले होते, त्यांनाही तिने पडवीत परत पाठवलं. त्यामुळे वहिनीची सँडलही पडवीतच राहिली. वहिनी ती बाजाराला जाताना घालायची आणि बाकी दिवसभर अनवाणी उभी. कंबर दुखायची ती दुखतच राहिली.

"दिवसभर घालता ना?" पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं.

"घालतंय," वहिनी खाली मान घालून म्हणाली. सासूचं गाऱ्हाणं परक्याकडे कसं सांगणार?

डॉक्टरांना वाटलं, उंची कमी पडते. त्यांनी तळ आणखी जाड करायला सांगितला. तो घालून वहिनी बाजारात उलट्या बाजूला कलायला लागली! तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच प्रश्न सुरू झाले, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"डॉक्टर, सँडल आमच्या पडवीत राहते आणि वहिनी स्वयंपाकघरात."

डॉक्टरांनी वहिनीकडे पाहिलं. "मग उंबऱ्याच्या आत गेला की पाय लांब होतो काय?"

तळ पहिल्याइतका करून घेतला. रात्री जेवताना डॉक्टरांचं ते वाक्य मी आईला जसंच्या तसं ऐकवलं. वहिनीने हातातला डाव भांड्यावर आपटून मला गप्प करायचा प्रयत्न केला. आई जेवणावरून उठली. ताटात भात तसाच. आता घरात महिनाभर अबोला, असं मी धरूनच चाललो.

सकाळी आईची हाक आली. "गुरुदास, चामड्याची नको. रबराची हाड, नवी. भायर न घातलेली."

मी रबराची नवी जोडी आणली आणि तिच्या डाव्या सँडलमध्ये तसाच आणखी एक जाड तळ बसवून घेतला. आईने तुळशीचं पाणी शिंपडलं आणि चाचपडत ती जोडी स्वयंपाकघराच्या दारात ठेवली. "ह्यो घरातल्यो. भायर नेऊच्यो नाय. देवाच्या खोलीत जाताना तेवढ्यो काढ."

त्या वर्षी गणपतीत चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वहिनीने एकटीने तळल्या. स्वयंपाकाच्या बाईचा विषय भिकाजीने परत काढला नाही.

एका सकाळी वहिनी गडबडीत, जुन्या सवयीने, अनवाणीच ओट्याशी गेली. आई मधल्या खोलीत जप करत होती. ओट्याशी भांडी वाजली, पण सँडलचा आवाज तिला ऐकू आला नाही, तशी जपाची माळ थांबली.

"यशोदे, व्हाणो खंय गो तुज्यो?"

"घालतंय, आई," वहिनी म्हणाली आणि खरंच घातल्या.