न कळवलेला नियम

गोरख लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होता. मित्रांना गोळा करून त्यानं हुतूतूचे सामने सुरू केले, तेव्हाच ठरलं होतं की खेळायला पैसा घ्यायचा नाही, बघायलाही नाही. लहानपणी गावच्या खेळात त्याच्या वस्तीतल्या मुलांना रेघेबाहेरच उभं करत. आपल्या मैदानावर कुणाला तसं वाटू नये, ही त्याची तळमळ. थंडी पडली की आंदर मावळातले संघ डोंगर उतरून कामशेतला लोणावळ्याची गाडी धरायचे. पंच गोरखच असे.

त्रेसष्ट साली, दिवाळीच्या आधी सामने भरवणाऱ्या मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष दत्तोबा खंडाळ्याच्या एका हॉटेलात कारकून होते. ते म्हणाले, "पुण्यात केव्हाचंच वेगळं खेळतात. समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला परत आत येतो. आपणही तसंच खेळायचं."

"मग गावांना कळवाया पायजे," गोरख म्हणाला. "त्यांच्यात एकदा बाद झालेला डाव संपेस्तोवर बाहेरच ऱ्हातो."

"फुकट खेळायला मिळतंय, आणखी दारोदार जाऊन सांगायचं? मैदानावर कळेल."

बाकीचे हसले. गोरखनं विषय तिथंच सोडला, पण ते शब्द त्याला टोचत राहिले.

त्या थंडीतला पहिलाच सामना नवशाच्या संघाचा होता. नवशा म्हणजे आंदर मावळातला ठाकर गडी, अंगानं काटक, पकडीला घट्ट. त्याच्या गड्यांनी लोणावळ्याचा निम्मा संघ झपाट्यानं बाहेर काढला. गावाकडची माणसं आरोळ्या ठोकत होती. एवढ्यात लोणावळ्याच्या चढाईवाल्यानं एकाला शिवलं आणि बाहेर बसलेला त्यांचा गडी उठून सरळ आत आला.

"आरं, हा बाद हाय!" नवशा ओरडला. "पंच, डोळं फुटलं काय?"

गोरखनं शिट्टी वाजवून खेळ थांबवला. तेवढ्यात गावची माणसं रेघ ओलांडून आत आली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात धोंडा. दत्तोबा मंडळाच्या मांडवातून ओरडले, "गोरख, खेळ चालू ठेव! काही बोलू नकोस!"

नवशानं गोरखची गचांडी धरली. "आमाला येडं समजला व्हय?"

गोरख मोठ्यानं बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नियम बदललाय. दिवाळीच्या आधीच ठरलं. तुमाला सांगाया पायजे हुतं. आमी सांगितलं न्हाई."

नवशाची पकड सैल झाली. कुठल्या बाजूनं धोंडा येईल, याचा नेम नव्हता.

"मंग आमी वरीसभर कशापायी घाम गाळला?" नवशाचा आवाज फाटला.

गोरख मांडवाकडे गेला. "आजचा सामना जुन्या नियमानं, पहिल्यापासनं. पटत न्हाई तर दुसरा पंच बघा." त्यानं शिट्टी दत्तोबांसमोर धरली. दत्तोबांनी गर्दीकडे पाहिलं. त्यांचा हात काही पुढे आला नाही.

"खेळवा," ते पुटपुटले.

सामना पुन्हा खेळला गेला आणि नवशाचा संघ हरला. जाताना कुणी गोरखशी बोललं नाही. आठवड्यात मंडळानं त्याला पंचाच्या कामावरून काढलं.

पावसाळा सरल्यावर रजा टाकून गोरख आंदर मावळात गेला. वाडी-वाडीत थांबला, शेणानं सारवलेल्या खळ्यात रेघा मारून नवा खेळ दाखवला. नवशानं पाणी दिलं, पण नियम त्याला पटला नाही. "बाद झाला म्हंजी बाद," तो म्हणाला. गोरखनं वाद घातला नाही. येत्या थंडीसाठी काय ठरतंय, मंडळात कोण काय म्हणतंय, ते सगळं सांगितलं आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकून घेतली. पंच नसतानाही दर वर्षी तो ही फेरी करत राहिला.

हळूहळू नवा नियम रुळला. काही वाड्यांचे संघ मात्र परत आलेच नाहीत. नवशाचा आला, तिसऱ्या वर्षी. मैदानात उतरण्याआधी त्यानं गर्दीत गोरखला शोधलं आणि विचारलं, "औंदा काय बदललं न्हाई ना, भाऊ?"