आजोबा नसलेला राजा

लॉकडाऊनच्या पहिल्या वसंतात मला एका जागी बसवेना. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातलं आमचं घर तसं लहान नाही, पण वरच्या खोलीत नवऱ्याच्या मीटिंगा, खाली जेवणाच्या टेबलावर मुलीची ऑनलाइन शाळा, आणि मी लॅपटॉप घेऊन कधी जिन्यात, कधी वॉशिंग मशीनशेजारी. माझं काम सॉफ्टवेअरचं. ते कुठूनही करता येत होतं, आणि म्हणूनच कुठेच धड होत नव्हतं. सारखी उठायची, मागच्या बागेत जायची, परत यायची, चहा टाकायची आणि तो न पिताच पुन्हा बाहेर.

अशाच एका फेरीत कुंपणापलीकडे शेजारी दिसले. शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेले उंच डच गृहस्थ. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणायची. त्यांनी बागेतल्या टेबलावर वॉलपेपरचा गुंडाळा उलटा पसरला होता, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते आणि पेन्सिलीने रेघा ओढत होते.

"घराण्याची वंशावळ का?" मी विचारलं.

"घराण्याचीच, पण माझ्या नाही," ते म्हणाले. "राजांच्या. स्कॉटलंडच्या उत्तरेला पिक्ट नावाचे लोक होते, हजार-बाराशे वर्षांपूर्वी. आणि पश्चिमेच्या किनाऱ्यावर आयर्लंडशी नातं सांगणारे गेल. दोघांचे राजे कोण कोणाचे, ते लावतोय."

त्यांची बायको वृद्धाश्रमात होती. आता भेटीला बंदी. मास्तर रोज सायकलने जायचे, बाहेरच्या फुलझाडांत उभे राहून काचेतून तिला हात करायचे आणि परत येऊन राजांपाशी बसायचे. त्यांनाही एका जागी बसवत नव्हतं, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

त्यांची अडचण सोपी होती. पिक्टांनी सुंदर कोरीव दगड मागे ठेवले, पण लिहिलेलं फारसं काही नाही. उरल्या त्या राजांच्या नावांच्या याद्या, त्याही पुढच्या शतकांत कोणीकोणी नकलून काढलेल्या. एकीत अमुक राजा आधी, दुसरीत तोच नंतर. बापाचं नाव कुठे एक, कुठे दुसरंच. गेलांचं उलट. त्यांचे भाट राजाला थेट पुराणपुरुषांपर्यंत नेऊन भिडवायचे, आणि मधल्या पिढ्या सोयीने बसवायचे.

"द्या इकडे, मी कॉम्प्युटरवर घालते. कुठे जुळतंय, कुठे नाही, ते तरी दिसेल," मी म्हणाले. कुंपणावरून त्यांच्या पुस्तकांचे फोटो काढले, आणि तेव्हापासून दुपारचा चहा कुंपणाच्या दोन बाजूंना, अंतर राखून, आम्ही राजांबरोबर घेऊ लागलो.

आमचं भांडण जुंपलं ते एका राजावरून. नवव्या शतकातला. पुढच्या लोकांनी त्याला गेल ठरवलं, पिक्टांचं राज्य घेऊन नवं राज्य उभारणारा मूळपुरुष केलं. पण तो मेला त्या काळच्या नोंदी त्याला पिक्टांचाच राजा म्हणतात. त्याच्या बापाचं नाव कळतं. त्याच्या मागे मात्र सगळा अंधार, आणि त्या अंधारात भाटांनी नंतर लावलेले दिवे.

मास्तरांचं म्हणणं, पिक्टांत राज्य आईकडून यायचं. राजाचा मुलगा बापामागून राजा झाला असं बराच काळ दिसत नाही, आणि एका जुन्या इंग्रज भिक्षूने तशी गोष्टही लिहून ठेवली आहे. म्हणून या राजाची आई पिक्ट राजकन्या असणार.

"असणार म्हणजे?" मी म्हणायची. "याद्यांमध्ये बापांचीच नावं आहेत. आई एकही नाही."

"तर्क नावाची गोष्ट असते."

"मग तुम्ही आणि भाट यांत फरक काय?"

ते हसायचे, पण पेन्सिल खाली ठेवायचे नाहीत.

दुसऱ्या वर्षी नागपूरहून भावाचा फोन आला. बाबांना हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं. ऑक्सिजन लावला होता. मी तिकीट बघायला लागले, तर विमानं बंद. भाऊ धावपळ करत होता आणि मी न्यूनेनमध्ये स्वयंपाकघरातून बागेत, बागेतून स्वयंपाकघरात. मग लॅपटॉप उघडला आणि पिक्टांच्या याद्या पुन्हा पहिल्यापासून जुळवायला घेतल्या. जेवताना, मीटिंग चालू असताना, भावाच्या मेसेजची वाट बघताना, तेच.

नवरा एकदा चिडला. "बाबा तिकडे तसे, आणि तुला हे सुचतंय?"

"मग काय करू? सांग ना, काय करू!" मी इतक्या जोरात ओरडले की मुलगी हेडफोन काढून बघायला लागली. संध्याकाळचा स्वयंपाक नवऱ्यानेच केला.

बाबा घरी आले. आवाज इतका बारीक झाला होता की व्हिडिओ कॉलवर मी फोन कानाला लावून ऐकायची, चेहरा न बघता. काय बोलावं सुचेना, म्हणून एक दिवस राजांची गोष्ट सांगितली. मग विचारलं, "बाबा, तुमच्या पणजोबांचं नाव काय होतं?"

"पणजोबांचं कुठे विचारतेस? आजोबांचीच दोन आहेत," बाबा म्हणाले. "घरात एक. शाळेत मास्तरने दुसरंच लिहिलं. त्याला जे ऐकू आलं ते, की त्याला जे लिहावंसं वाटलं ते, कोण जाणे."

"आणि आजी?"

"आजीला आम्ही आजीच म्हणायचो. गावातले तर नावही घेत नसत." मग म्हणाले, "आपल्या दारात कोणता भाट येणार होता, बाई? माझ्या वडिलांनी मला खांद्यावर घेऊन दीक्षा घेतली. आपलं तिथून धर."

मी फोन ठेवला आणि चप्पल न घालता बागेत गेले. मास्तर नेमकी ती रेघ शाईने पक्की करत होते. राजापासून त्याच्या कल्पित पिक्ट आईपर्यंत, आणि तिथून वर तिच्या बापापर्यंत.

"ती रेघ खोडा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"का? त्या माणसाला आजोबाशिवाय ठेवायचं?"

"त्याला आजोबा होते. आपल्याला माहीत नाहीत, एवढंच. तसं लिहा!"

मास्तरांनी सगळं गुंडाळलं आणि आत गेले. काही दिवस कुंपणापलीकडे कोणी दिसलं नाही. मला वाईट वाटत होतं, पण माफी मागावीशी वाटत नव्हती.

नंतर ते स्वतःच आले, मास्क लावून, पुढच्या दाराशी. वृद्धाश्रमाने भेटी सुरू केल्या होत्या. "रोज दुपारी तिच्याजवळ बसता येईल आता," ते म्हणाले. "राजांना वेळ मिळणार नाही." जाता जाता थांबले. "तुम्ही म्हणता ते जमलं नाही मला. रेघ तशीच आहे. पण शेजारी प्रश्नचिन्ह काढलंय. मोठं."

विमानं सुरू झाल्यावर मी नागपूरला गेले. बाबा काठी घेऊन चालत होते. त्यांनीच हट्ट धरला, आत्याकडे जाऊ, तिला आजीचं नाव नक्की आठवेल. आत्या भंडाऱ्याजवळच्या गावात राहते, बाबांहून मोठी. आम्ही बसलो, आणि मी विचारायच्या आत बाबांनीच विषय काढला.

आत्याने क्षणाचाही विचार न करता एक नाव सांगितलं.

"छे," बाबा ताठ बसले. "ते तर मोठ्या काकूचं." आणि त्यांनी दुसरं एक सांगितलं. मी न्यूनेनहून फोनवर विचारलं तेव्हा जे त्यांना आठवत नव्हतं, ते आता अगदी ठासून.

"तू केवढा होतास रे तेव्हा?" आत्या म्हणाली. "मी तिच्या कुशीत झोपायची."

"कुशीत झोपून नाव कळतं का?"

दोघं भांडायला लागली. आत्याची सून हसत आत गेली. मला तिथेही बसवेना. उठून अंगणात आले, तर मागून दोघांचेही आवाज येतच होते, दोन्ही नावं पुन्हा पुन्हा, आणि बाबांचा आवाज पहिल्यासारखा मोठा झाला होता.