मैनाबाईच्या हातच्या गोवऱ्या

अमरावतीत फाल्गुन लागला की चंद्रभानचा फोन थंड राहत नसे. रोडगे भाजावेत ते चंद्रभाननेच, असं सगळं शहर म्हणायचं. जाडसर कणकेचा गोळा, गोवऱ्यांचा विस्तव, वर राखेचं पांघरूण आणि सोबत झणझणीत वांग्याची भाजी. आज्या घरोघरी फुकट खाऊ घालायच्या, ते आता लोक तिकीट काढून खातात. खाऊ देत बापडे. चंद्रभानचं घर त्यावर चालत होतं.

घर बडनेऱ्याच्या अंगाला, शहर संपता संपता. घरात दोनच माणसं, तो आणि कॉलेजात शिकणारी मुलगी आरती. पण चंद्रभानला विचारलं असतं तर त्याने तीन सांगितली असती. बायको मैनाबाई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि रोज दिवेलागणीला परसातल्या भिंतीवर ती गोवऱ्या थापायची. थप. मग जरा वेळाने पुन्हा थप. चंद्रभान हातातलं काम टाकून ऐकत बसे. जनावरं कधीच विकली होती, परसात शेणाचा पो नव्हता, तरी आवाज यायचा. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. मैनाबाईवर होता.

तिच्या गोवऱ्यांची एक रास परसात पत्र्याखाली अजून होती. त्या तिने स्वतःसाठीच थापल्या होत्या. तिच्या आईनेही मरणाआधी आपल्या गोवऱ्या आपणच रचून ठेवल्या होत्या. धडधाकट असतानाच मैनाबाईने नवऱ्याला बजावलं होतं, "मले दुसऱ्याच्या लाकडात जाळू नोका. ह्या माह्या हातच्या हायेत, ह्यातच पेटवजा." चंद्रभान हसला होता. "तुले एवढी घाई काहून झाली वं?"

मग ती साथ आली. मैनाबाई पायी चालत दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. प्रेत घरी द्यायची सोय नव्हती. स्मशानाच्या फाटकापाशी चंद्रभानला थांबवलं. आत पाच ठिकाणी धूर निघत होता. त्यातला आपल्या बायकोचा कोणता, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हापासून त्याने त्या राशीला हात लावला नव्हता. लोकांना वाटे, आठवण म्हणून ठेवली असेल. खरं कारण त्याला एकट्याला माहीत होतं. तिच्या वाटचा विस्तव शिल्लक आहे तोवर ती जात नाही, अशी त्याची खात्री होती. आणि तिने जाऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. स्वार्थ होता तो. त्याला तो कळत होता.

यंदा छत्री तलावाकाठी वसंत मेळा ठरला. पहाटे पक्षी पाहायचे, मग पळसाखाली बसून चित्रं काढायची, मग दंडारीचा नाच-सोंगांचा खेळ आणि दुपारी रोडग्यांची पंगत. दीडशे माणूस. मेळ्याचे कर्ते भगवंतराव, निवृत्त मास्तर, गळ्यात कायम दुर्बीण. आदल्या रात्री अवकाळी पाऊस गारांसकट कोसळला. तरी चंद्रभान उजाडायच्या आत भांडी आणि पीठ घेऊन तलावावर पोचला. गोवऱ्या घेऊन आरती मागून मालवाहू ऑटोने येणार होती.

ती आली तेव्हा तो कणीक मळत होता. ऑटो रिकामा होऊन निघून गेला. हात धुऊन तो रचायला बसला, पहिली गोवरी उचलली आणि हात तसाच राहिला. गोवरीवर पंजा उमटला होता. चार बोटं पुरी आणि अनामिका अर्धी. कडबा कापायच्या कुट्टीच्या मशीनमध्ये मैनाबाईचं ते बोट गेलं होतं. त्याने दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्यांवर तोच हात.

"आरती," तो म्हणाला, "ह्या कोनत्या आनल्या तू?"

"बाकीच्या भिजल्या, बाबा." ती खाली पाहत होती.

तेवढ्यात भगवंतराव आले. "चंद्रभान, पेटव बाबा आता. पाखरं पाहून पाहून पोटात कावळे ओरडून राहिले!"

चंद्रभानने दीडशे माणसांकडे पाहिलं. तिकडे दंडारीची ढोलकी सुरू झाली होती. जवळपास दुसरं जळण नव्हतं. क्षणभर त्याला सगळं तसंच टाकून पळून जावंसं वाटलं. मग तो उठला. तांब्या भरून घेतला. रचलेल्या गोवऱ्यांभोवती पाण्याची धार धरत त्याने तीन फेऱ्या घातल्या. रोडग्यांची जुनी रीत असेल असं समजून पोरांनी मोबाईलवर ते टिपून घेतलं. त्याने काडी ओढली.

चितेला अग्नी दिला की माणूस मागे न पाहता घरी जातो. रोडग्याच्या विस्तवाकडे पाठ करून चालत नाही. निखारे पसरायचे, गोळे मांडायचे, परतायचे, राख ओढायची. चार वर्षांपूर्वी फाटकाबाहेर राहिलेला चंद्रभान आता दोन तास तिच्या आगीपुढे बसून होता. एकेक गोवरी आधी काळी पडे, मग लाल होई, मग तिच्यावरची बोटं राखेत मिळून जात. त्याने एकीवरूनही नजर काढली नाही.

पंगत बसली. लोकांनी रोडगे फोडले, तुपात कुस्करले, बोटं चाटली. असे रोडगे जन्मात खाल्ले नाहीत, असं भगवंतरावांनी उठून सांगितलं. चंद्रभानने हात जोडले आणि तो पुन्हा राखेपाशी जाऊन बसला.

आरती पानावर अर्धा रोडगा घेऊन आली. त्यावर कडुनिंबाची चार कोवळी पानं होती. मढं पोचवून आलेल्या माणसाला द्यायचा असतो तो कडू घास. त्या वर्षी तो त्यांच्या दारात कोणी आणला नव्हता. शेजाऱ्यांची दारं बंद होती.

चंद्रभानने पानाकडे पाहिलं, मग पोरीकडे. "बाकीच्या भिजल्या नव्हत्या न?"

"नाही."

"मंग?"

"मलेबी आयकू येते, बाबा. रोज. किती दिवस थापत राहीन ते? थकली असन."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तुमी पेटवलं नसतं."

ते खरंच होतं. रागवायला त्याला जागाच उरली नाही. चार वर्षं तो आपल्या एकट्याचं माणूस गेल्यासारखा वागला होता. पोर त्याच घरात, त्याच संध्याकाळी, तोच आवाज ऐकत चूल पेटवत होती आणि त्याने तिला एकदाही जवळ घेऊन विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने रोडगा मोडला, दोन पानं त्यात घातली आणि घास तिच्यापुढे धरला.

"आंधी तू खाय. तुही माय होती."

आरतीने घास तोंडात घेतला आणि ती इतक्या मोठ्याने रडली की दंडारीची ढोलकी थांबली. पंगतीतली माणसं वळून पाहू लागली.

"भाजी तिखट लागली वाटते पोरीले," भगवंतराव म्हणाले, आणि त्यांनी दह्याची वाटी पाठवली.