भाडेकरूसकट घर

माहेरच्या वाडीच्या कडेचा एक तुकडा भावाने इमारतीसाठी विकला आणि माझा वाटा न मागता माझ्या खात्यात भरला. उमेळ्यात, आमच्या गावात, बहिणी बहुधा हक्कसोडावर सही करून मोकळ्या होतात, त्यामुळे मला आधी खरंच वाटेना. मग घरात रोज त्याच पैशांवर बोलणं सुरू झालं. हे म्हणाले, "बँकेत ठेव, निदान झोप तरी लागेल." सून म्हणाली, "आई, नायगावला लहानसं घर घ्या. दर महिन्याला भाडं येईल." माझ्या नावावर आजवर गॅससुद्धा नव्हता. सुनेचं बोलणं मला गोड लागलं.

पैसे थोडे कमी पडत होते. मला कमाई नाही, म्हणून कर्ज मुलाच्या पगारावर मिळणार होतं आणि घर आम्हा दोघांच्या नावावर होणार होतं. मी एकच अट घातली. हप्ता भाड्यातूनच गेला पाहिजे, मुलाच्या पगाराला हात लागता कामा नये. एजंटला ते पटेना. "मावशी, उलट मोठं लोन काढा, एकाच्या जागी दोन रूम घेऊन टाका. रेट वाढणारच आहेत." परक्या माणसापुढे माझी जीभ टाळूला चिकटते. घरी आल्यावर सुनेला म्हटलं, "माडसुद्धा एखाद्या साली कमी धरतो. वर्षातला एक महिना घर रिकामं राहील असं समजूनच बेरीज कर."

एजंटने दाखवलेलं घर नायगाव पूर्वेला होतं, एक खोली आणि स्वयंपाकघर. भाडेकरू राहतच होते. कोकणातली एक तरुण बाई दार उघडून उंबऱ्यातच उभी राहिली आणि तिने सुरुवात केली.

"बघा, पण आधीच सांगते हां. पाणी येत नाही. तीन-तीन दिवस थेंब नाही. लिफ्ट बंद असते. वरचे लोक रात्रभर फर्निचर ओढतात. आतली भिंत ओली आहे. आणि मागच्या पावसात जिन्यात साप आला होता."

"ताई, साप कुठे, धामण होती ती," एजंट रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मग धामणीला काय पाय असतात?"

सुनेने माझा पदर ओढला. "आई, चला." माझंही मन खट्टू झालं होतं. तरी बूट-चपला काढल्याच होत्या, म्हणून आत डोकावलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत रंगाच्या जुन्या डब्यात अळू लावलं होतं. पानं माझ्या सुपाएवढी, तकतकीत. आमच्या वाडीत पाटाच्या कडेलाही इतकं चांगलं येत नाही. मला राहवेना. म्हटलं, "अळू काय सुरेख आलंय हो!"

तिचा चेहराच बदलला. "हो ना काकू? गावाहून कांदा आणला होता. फार जपावं लागतं. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालते."

एजंटने आधी नळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग सुनेला हसू फुटलं आणि ती बाई पदराने तोंड झाकून मटकन खालीच बसली.

"म्हणजे माझी गिऱ्हाईकं तुम्ही पळवून लावत होता?" एजंट म्हणाला. "अहो, मी शनीला तेल घालून आलो!"

"मग काय करू? घेणारा आला की आधी आम्हालाच बाहेर काढणार. मुलीची शाळा इथे मागच्याच गल्लीत आहे. यांना स्टेशन चालत जवळ. सारखं बोचकं बांधून कुठे फिरायचं?"

मला जे हवं होतं तेच ती सांगत होती. टिकून राहणारा भाडेकरू. पण हे तोंडाने सांगायचं म्हणजे संकट. शेवटी अळवाकडे बघतच मी म्हटलं, "मी घेतलं तर तुम्ही राहाल का?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, उठली आणि चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत खरं काय ते सगळं सांगितलं. पाणी एक दिवसाआड येतं, पण टाकी पुरते. लिफ्ट चालू आहे. वरचे म्हातारा-म्हातारी आहेत, त्यांना खुर्चीसुद्धा उचलवत नाही. भिंत मात्र खरंच ओली होती, कपाट सरकवून तिने बुरशी दाखवली. "हे मालकाला सांगा आणि भाव पाडा," असंही तिनेच शिकवलं. एजंट म्हणाला, "ताई, तुम्ही कोणाकडून आहात?"

भाव उतरला. बँकेने इमारतीचे कागद तपासून होकार दिला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आमच्याकडे अशाही इमारती आहेत जिथे बँक दारात उभी राहत नाही.

उतरल्या भावाने कर्ज लहान झालं, तरी सुनेच्या बेरजेत सध्याच्या भाड्यातून महिन्याला पाचशे रुपये कमी पडत होते. हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, तो रिकामा महिना, सगळं धरून. भाड्याचा करार करायला एजंटच्या ऑफिसात बसलो. तो म्हणाला, "बोला मावशी, भाडं किती लिहू?" मी टेबलावरचा पंखा बघत बसले. सुनेने कोपर मारलं. सून बोलणार इतक्यात मी तिचा हात दाबला. माझं घर, मलाच बोलायला हवं होतं. "थोडे कमी पडतायत," मी पंख्याकडे बघतच पुटपुटले.

"काकू, किती कमी पडतायत?" भाडेकरीणच म्हणाली.

"पाचशे."

"एवढंच? मला वाटलं दोन हजार मागताय की काय!" तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली. "देऊ पाचशे. पण भिंत पावसाआधी झाली पाहिजे. आणि तीन वर्षं उठ म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," मी म्हटलं. या वेळी आवाज सगळ्यांना ऐकू गेला असावा, कारण एजंटने लगेच लिहायला घेतलं.